छपराखालच्या पाण्यात पोहणे कामाचे नाही

पैठणच्या माणसाला पाण्याविषयी कोणी वेगळे काही सांगण्याची गरज नाही, असे पुष्कळांना वाटते. गोदावरीच्या घाटावर पोहायला शिकलेल्या कित्येक पिढ्या येथे आहेत, आणि १९७६ पासून नाथसागराचा एवढा मोठा जलाशय तर दाराशीच आहे. कुणी बुडतो आहे असे दिसले की घाटावरचा पोहणारा विचार न करता उडी घेतो. या धाडसाचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. परंतु आजच्या लेखात मला पाण्याच्या एका वेगळ्या प्रकाराविषयी लिहावयाचे आहे. तो प्रकार म्हणजे छपराखालचे पाणी.

उघड्या पाण्यात दम संपला की माणूस डोके वर काढतो. वर हवा असतेच. बुडालेले जहाज, उलटी होऊन तळाला गेलेली बोट, पाण्यात पडलेली जीप, बुडीत क्षेत्रातला जुना वाडा, या ठिकाणी मात्र वर हवा नसते, छत असते. बाहेर पडण्याची वाट बहुधा एकच, म्हणजे ज्या वाटेने आत आलो तीच. आणि ती दिसली नाही तर दुसरी संधी मिळत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, अशा जागेत शिरणे हे पोहण्याचे काम नव्हे. ती स्वतंत्र विद्या आहे. ज्याने ती शिकून घेतलेली नाही त्याने दारातूनच मागे फिरावे, आणि काठावर उभ्या असलेल्यांनी त्याला आत जाण्याचा आग्रह करू नये.

समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्यांना या विषयाशी काय देणेघेणे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याला दोन उत्तरे आहेत.

पहिले असे की, आपल्याकडची तरुण मंडळी आता मालवण-तारकर्लीला आणि गोव्याला जाऊन हौसेने स्कूबा करतात. त्यातच 'आयएनएस गुलदार' ही नौदलातून निवृत्त झालेली युद्धनौका २०२५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सोपविण्यात आली. सिंधुदुर्गातील निवतीच्या समुद्रात तिचे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना शासनाने जाहीर केली. योजना चांगली आहे. पण बुडालेले जहाज बाहेरून पाहणे आणि त्याच्या आत शिरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे जाणाऱ्याला आधी समजले पाहिजे.

दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावरची प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण दगावले आणि बोट तळाला गेली. उद्या अशी वेळ नाथसागरावर आली तर सर्वांत आधी हाक कोणाला जाईल? आपल्या मासेमारी करणाऱ्या बांधवांना आणि घाटावरच्या पोहणाऱ्यांना. 'आत कुणी अडकले असेल, जरा बघून ये' असे त्यांना सांगितले जाईल. एका श्वासाच्या बळावर, कमरेला दोरही न बांधता ते जातील. हे थांबावे, यासाठी हा लेख आहे.

खोलीपेक्षा छत घातक

पाणी उथळ असले म्हणजे धोका नाही, ही समजूत चुकीची आहे. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत 'आयएनएस सिंधुरक्षक' या पाणबुडीत स्फोट होऊन ती धक्क्यालाच बुडाली. आत असलेले १८ नौसैनिक मृत्युमुखी पडले. ती इतक्या उथळ पाण्यात होती की तिचा काही भाग वर दिसत होता. मदतीला होते ते नौदलाचे निष्णात पाणबुडे. तरीही आत शिरणे त्यांना अत्यंत कठीण गेले. स्फोटाच्या उष्णतेने दारे व झडपा वाकून घट्ट बसल्या होत्या, शिड्या पिळवटल्या होत्या, आत तेल आणि चिखल मिसळलेले पाणी होते. प्रखर दिव्यांच्या प्रकाशातही जवळचे दिसेना, आणि जागा एवढी अरुंद की एका वेळी एकच पाणबुड्या काम करू शके. आतून मृतदेह काढण्याचे काम कित्येक दिवस चालले. पाणबुडी पूर्णपणे वर काढली गेली ती जून २०१४ मध्ये.

दक्षिण कोरियातील 'सेवोल' हे प्रवासी जहाज १६ एप्रिल २०१४ रोजी बुडाले. ३०४ जण गेले, त्यांत शाळकरी मुलांची संख्या फार मोठी होती. शोकाकुल पालक किनाऱ्यावर बसून होते, देशाचे लक्ष तिकडे लागले होते. शोध घेणाऱ्या पाणबुड्यांवर त्याचे केवढे दडपण आले असेल याची कल्पना करता येते. त्या शोधकार्यात मे महिन्यात दोन नागरी पाणबुडे प्राणास मुकले. ही माणसे नवखी नव्हती. अनुभवी माणसाची जेथे ही गत, तेथे एका दमावर उतरणाऱ्याची काय कथा?

शरीरात काय घडते?

आता थोडे वैद्यकशास्त्र पाहू.

दम धरून उतरणारे पुष्कळ जण उडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतात. त्यामुळे शरीरात प्राणवायू जास्त साठतो असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात रक्तातला कार्बन डायॉक्साइड कमी होतो. श्वास घेण्याची तगमग होते ती मुख्यतः या वायूच्या वाढीमुळे. तोच घटला की धोक्याची सूचना मिळण्याआधी मेंदूचा प्राणवायू संपतो आणि माणूस कोणतीही धडपड न करता बेशुद्ध होतो. उघड्या पाण्यात सोबत्याने ओढून काढण्याची थोडी तरी आशा असते. छपराखाली तीही नसते.

पाठीवर टाकी असली म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. त्या टाकीत ऑक्सिजन असतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. सामान्यतः तिच्यात दाबाने भरलेली साधी हवाच असते. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. म्हणून १० मीटरवर हवा दुप्पट आणि ३० मीटरवर चौपट वेगाने संपते. पृष्ठभागावर तासभर पुरणारी टाकी ३० मीटरवर पंधरा मिनिटांत रिकामी होते. त्यात माणूस घाबरला, जोरजोराने श्वास घेऊ लागला, तर तेवढाही वेळ मिळत नाही.

साधारण ३० मीटरच्या सुमारास नत्रवायूचा मेंदूवर दारूसारखा अंमल चढू लागतो. माणसाला सर्व ठीक चालले आहे असे वाटते आणि नेमका तेव्हाच त्याचा निर्णय चुकतो. हाच नत्रवायू दाबाखाली रक्तात व ऊतींत विरघळतो. घाईने वर आल्यास सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, हातापायांना मुंग्या येतात, कधी लकवा होतो. आणि टाकीतली हवा घेत असताना श्वास कोंडून वर आले, तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकते. त्यासाठी फार खोल जावे लागते असेही नाही. दीड-दोन मीटरवरूनसुद्धा हे घडू शकते.

बुडालेल्या जहाजात हवेचा कप्पा राहतो हे खरे आहे. २६ मे २०१३ रोजी नायजेरियाच्या समुद्रात एक टगबोट उलटून सुमारे ३० मीटरवर तळाला बसली. तिचा आचारी हॅरिसन ओकेने हा हवेच्या अशा एका कप्प्यात सुमारे ६० तास जिवंत राहिला. मृतदेह शोधायला आलेल्या पाणबुड्यांना तो जिवंत सापडला! पण त्याला तसेच वर आणता आले नाही. शरीरात विरघळलेला वायू सावकाश बाहेर पडावा म्हणून त्याला सुमारे दोन दिवस दाबाच्या बंद खोलीत ठेवावे लागले. कुणी हौसेने त्याला लगेच वर खेचले असते, तर वाचवणाऱ्यांच्या हातूनच तो दगावला असता.

या उदाहरणावरून असे कप्पे श्वास घेण्यास योग्य असतात, असा अर्थ मात्र काढू नये. गंजणारे लोखंड हवेतला प्राणवायू खात असते, आणि कुजणाऱ्या पदार्थांतून विषारी वायू निघतात. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत किंवा टाकीत उतरलेला माणूस क्षणात कोसळतो, त्याला काढायला गेलेला दुसराही कोसळतो, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. जहाजातला कप्पा हा त्याचाच भाऊ समजावा.

शिक्षण म्हणजे नेमके काय?

जहाजाच्या आत शिरण्याची विद्या बरीचशी पाण्याने भरलेल्या गुहांत उतरणाऱ्यांकडून आली आहे. शेक एक्सली या अमेरिकी पाणबुड्याने गुहांतील अपघातांचा अभ्यास करून १९७९ मध्ये एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातून रुजलेले नियम आजही शिकवले जातात, आणि ते अगदी साधे आहेत.

पहिला नियम दोरीचा. बाहेर, उघड्या पाण्यात दोरी पक्की बांधायची, आत गेल्यावर पुन्हा एकदा बांधायची आणि ती सोडत सोडत पुढे जायचे. जहाजात वर्षानुवर्षे गाळ साचलेला असतो. पायाच्या एका फटकाऱ्याने तो उठतो आणि काही क्षणांत डोळ्यांसमोरचा हातही दिसत नाही. त्या वेळी डोळे निरुपयोगी होतात, दोरीच वाट दाखवते. म्हणून शिकणाऱ्याकडून डोळे झाकून, केवळ दोरी चाचपत बाहेर येण्याचा सराव पुनःपुन्हा करवून घेतात. गाळ उठू नये अशी पाय मारण्याची वेगळी पद्धतही शिकवतात.

दुसरा नियम हवेचा. एक तृतीयांश हवा आत जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेली एक तृतीयांश अडचणीसाठी, आपल्या किंवा सोबत्याच्या. तिसरा नियम दिव्यांचा. प्रत्येकाजवळ तीन दिवे हवेत, कारण एक विझतो तेव्हा दुसराही दगा देऊ शकतो. चौथा नियम खोलीची मर्यादा न ओलांडण्याचा. आणि या सर्वांच्या आधीचा नियम असा की, या प्रकारचे खास शिक्षण घेतल्याशिवाय आत जाऊच नये. हौशी पाणबुड्यांच्या प्राथमिक जहाज-अभ्यासक्रमातही बाहेरचा उजेड दिसत राहील तेथपर्यंतच जाण्याची मुभा असते. शिवाय जाळी व तारांत अडकल्यास ती कापण्याचे हत्यार, गंजलेल्या पत्र्याच्या धारेपासून संरक्षण, कोणता भाग ढासळेल याचा अंदाज, हे सारे आलेच.

मालवणला पर्यटकाला अर्धा-पाऊण तास जे शिकवतात, ते उथळ, उघड्या पाण्यात प्रशिक्षकाचा हात धरून मासे पाहण्यापुरते असते. तेवढ्यासाठी ते ठीक आहे. त्या बळावर जहाजाच्या दारात डोके घालू नये. ज्याला पुढे शिकायचे आहे त्याच्यासाठी तारकर्लीला पर्यटन महामंडळाचीच स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. तेथून पायरी-पायरीने जावे. नौदल आपल्या पाणबुड्यांना कोचीच्या स्वतंत्र प्रशालेत तयार करते, यावरूनच ही विद्या केवढी आहे हे ध्यानात यावे.

स्कूबाला जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

दमा, फेफरे, हृदयविकार, कानाच्या पडद्याला छिद्र, यांपैकी काही असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. सर्दी असताना तर नाहीच, कारण कानातला दाब समतोल होत नाही आणि पडदा फाटतो. प्रकृतीचा फॉर्म भरताना खोटे लिहू नये. तो फॉर्म संस्थेसाठी नसून तुमच्या जिवासाठी असतो.

आपल्या भागातील मंडळी सकाळी पाण्यात उतरून दुपारी गाडीने परत निघतात. मालवणहून पैठणला यायचे तर सह्याद्रीचा घाट चढावा लागतो, आणि आंबोली तर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे. वर जाताना हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात उरलेल्या नत्रवायूचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. एकदाच, उथळ पाण्यात उतरला असाल तर धोका थोडा. खोल किंवा अनेकदा उतरला असाल तर मोठा. तेव्हा ती रात्र किनाऱ्यावर काढून दुसऱ्या दिवशी निघावे. विमानासाठी तर एकदा उतरल्यावर किमान १२ तास आणि अनेकदा उतरल्यावर किमान १८ तास थांबण्याचा दंडक आहे.

परतल्यावर सांधेदुखी, मुंग्या, चक्कर, अशक्तपणा किंवा छातीत दुखणे सुरू झाले, तर प्रवासाचा शीण समजून घरी झोपू नये. अशा रुग्णाला आडवे ठेवावे, मिळेल तितक्या लवकर ऑक्सिजन सुरू करावा, आणि आपण पाण्याखाली गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. विचारल्याशिवाय कुणाच्या ते लक्षात येणार नाही. त्याला पुन्हा पाण्यात उतरवणे हा उपाय नव्हे. दाबाच्या खोलीतील उपचारांची सोय मुंबईच्या नौदल रुग्णालयात, 'अश्विनी'त आहे.

आपल्या नाथसागराचे काय?

नाथसागर पूर्ण भरला की त्याची पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फुटांवर, म्हणजे सुमारे ४६४ मीटरवर असते. पाणबुड्यांनी किती खोल किती वेळ राहावे याची कोष्टके समुद्रसपाटीसाठी केलेली असतात. ३०० मीटरपेक्षा उंच ठिकाणी त्यांत सुधारणा करावी लागते. म्हणजे समुद्रावर तयार झालेल्या पाणबुड्यानेही येथे वेगळा हिशेब मांडूनच उतरले पाहिजे. शिवाय तळाशी बुडीत गावांचे अवशेष, जुन्या विहिरी, झाडांची खोडे आणि तुटून राहिलेली जाळी आहेत. पाणी गढूळ आहे. मग टाकीशिवाय, दोरीशिवाय, दिव्याशिवाय आत जाणाऱ्या आपल्या माणसाला आपण कशाच्या भरवशावर पाठवतो?

२३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान मरण पावले. हीच प्रवरा पुढे प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते आणि तेच पाणी आपल्या नाथसागरात येते. शिकलेल्या, गणवेशातल्या माणसांनाही पाणी सोडत नाही, हे यावरून आपण लक्षात घ्यावे.

घरचे माणूस पाण्यात गेले की नातेवाइकांचा आकांत असतो. मृतदेह मिळावा, अंत्यसंस्कार नीट व्हावेत, ही इच्छा अगदी रास्त आहे. ती मी नाकारत नाही. परंतु बुडून काही तास लोटले असतील, तर आत गेलेला माणूस आता जीव वाचवायला जात नसतो. गेलेल्यासाठी जिवंत माणूस पणाला लावू नये. एका घरावर कोसळलेले संकट दुसऱ्या घरावर आणून त्या शोकात काही उणे होत नाही.

यासाठी काही गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. उलटलेल्या बोटीत, गाडीत किंवा बांधकामात अप्रशिक्षित माणसाला पाठवू नये, असा नियम तालुका प्रशासनाने करून तो पोलीस ठाण्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत कळवावा. पुण्याजवळ सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आहे, धुळ्याला राज्याचे दल आहे. त्यांना निरोप पहिल्याच तासात जावा, स्थानिकांचे प्रयत्न थकल्यावर नव्हे. आपल्या पट्टीच्या पोहणाऱ्यांची यादी करावी, त्यांची वर्षातून एकदा कान, छाती व हृदयाची तपासणी व्हावी, त्यांना जीवरक्षक जाकीट, दोर, विमा आणि योग्य मानधन मिळावे. त्यांच्यातील दोन-चार तरुणांना शासनाच्या खर्चाने रीतसर पाणबुड्याचे शिक्षण दिले, तर ते आपल्या तालुक्याचे मोठेच भांडवल ठरेल.

आणि सामान्य माणसाने काय करावे? ११२ क्रमांकाला फोन करावा. काठावरून दोर, बांबू, रिकामा ड्रम जे हाती लागेल ते फेकावे. बोट नेमकी कोठे बुडाली त्याची खूण काठावरच्या झाडाशी किंवा खांबाशी जुळवून ठेवावी, आत किती माणसे होती हे वाचलेल्यांना विचारून लिहून घ्यावे. शोधपथक आल्यावर या दोन गोष्टी सर्वांत मोलाच्या ठरतात.

एवढे करूनही एखादा पोहणारा पाण्यातून बाहेर येऊन म्हणाला, 'आत जाण्यासारखे नाही', तर त्याला भित्रा म्हणू नका. त्याच्या खांद्यावर टॉवेल टाका, चहा द्या. शिकलेला पाणबुड्या आणि न शिकलेला यांत फरक बराच असतो, पण मागे फिरण्याची अक्कल दोघांनाही सारखीच लागते.